अंबादासमामांचे टिपके

अंबादासमामा टॅबलेटवरचं चित्र पुढे सरकवायच्या आधी उजव्या हाताचं बोट जिभेला लावतात. तीस वर्षं कागद उलटण्यात गेलेला माणूस, त्याला काचेचं काय कौतुक? दुपारपर्यंत त्यांच्या टॅबलेटवर ढग जमतात, मग ते खिशातून रुमाल काढून ते पुसतात आणि पुन्हा बोट जिभेला लावतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा न राहवून म्हटलं, "मामा, काचेला थुंकी लागत नाही." ते वर न बघता म्हणाले, "काचेला न्हाय लागत ओ ताई. बोटाला लागती."

त्यांची माझी ओळख मात्र त्याआधी टपालातून, म्हणजे आताच्या टपालातून झाली. मी सोलापुरात घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. कार्टून काढण्यासाठीचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. वापरणाऱ्यांच्या तक्रारी इंग्रजीत येतात, तीन ओळींत येतात आणि बहुतेक रागात येतात. एके दिवशी साहेबांनी एक फोटो पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "तुमच्या गावाकडचं दिसतंय, बघा." फोटो चौकटी छापलेल्या आलेखाच्या कागदाचा होता. वळणदार अक्षरात मजकूर असा:

"सा. न. वि. वि. आपला प्रोग्राम चांगला आहे. पण नवीन केल्यापासून कांद्याचा पापुद्रा बिघडला आहे. आधीचं चित्र कुठलं व नंतरचं कुठलं समजत नाही. तरी आधीच्याला टिपके व नंतरच्याला तुटक रेघा द्याव्यात. रंग नको. सोबत नमुना जोडला आहे. कळावे."

खाली मोराचा एकच पाय तीनदा काढला होता. मधला ठळक, डावीकडचा टिपक्यांचा, उजवीकडचा तुटक रेघांचा. तो पाय कागदावरून चालत होता, यात शंका नाही.

कांद्याचा पापुद्रा म्हणजे काय, ते सांगायला हवं. कार्टूनमधला हत्ती एक पाऊल टाकतो तेव्हा त्या पावलाची आठ-दहा चित्रं कुणीतरी काढलेली असतात. प्रत्येक चित्र काढताना त्याच्या आधीचं आणि नंतरचं चित्र खाली पुसट दिसावं लागतं, नाहीतर हत्तीचा पाय कुठून कुठे निघालाय ते कळणार कसं? पूर्वी पातळ कागद एकावर एक ठेवत. आता संगणक ते दाखवतो, आणि धंद्यात त्याला ओनियन स्किन म्हणतात. मामांनी त्याचं सरळ मराठी केलं होतं.

आमच्या जुन्या आवृत्तीत आधीचं चित्र गडद आणि नंतरचं अगदी फिकं दिसायचं. नव्या आवृत्तीत आधीचं लाल आणि नंतरचं हिरवं केलं, दोन्ही सारखीच पुसट. ही सुधारणा माझी होती. तिच्यासाठी मला शाबासकीही मिळाली होती. त्यामुळे पत्र वाचून मी जरा दुखावलेच. उत्तर लिहिलं, "लाल ते आधीचं, हिरवं ते नंतरचं. सवय झाली की सोपं वाटेल." पुढे एक हसरा चेहराही टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "रंग नको असं लिहिलं होतं." एवढंच, आणि पत्ता.

पत्ता होटगी रोडचा निघाला, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथे रिझवान नावाच्या तरुणानं मुलांच्या शैक्षणिक कार्टूनचा स्टुडिओ थाटलेला. नऊ माणसं, त्यातली आठ पंचविशीच्या आतबाहेरची आणि नववे अंबादासमामा, अठ्ठावन्न वर्षांचे, पांढरा लेंगा-शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. साधनं सगळी डिजिटल, तरी पेन्सिली कशाला, हे कुणी विचारत नव्हतं.

मामांचं घराणं तेलुगू, विणकरांचं. चादरींच्या एका कारखान्यात ते नक्षी उतरवत. म्हणजे चादरीवर जो मोर दिसतो तो आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढायचा, मग त्यावरून मागाला लागणारी भोकांची पट्टी तयार व्हायची. एका मोराला दोन-दोन आठवडे. कारखान्यात संगणक आला आणि नक्षीचं खातं बंद झालं. रिझवान लहानपणी त्यांच्या शेजारी राहायचा. "मामा रद्दी वही के कोने में घोडा निकालते थे," त्यानं मला सांगितलं, "और पन्ने छोडे की घोडा भागता था. मेरेकू तबसेच ये धंदा करना था." धंदा सुरू झाल्यावर त्यानं पहिला फोन मामांना केला.

मामांचं काम मधली चित्रं काढायचं. मुख्य चित्रकार हत्तीची सोंड खाली आणि सोंड वर अशी दोनच चित्रं काढणार, मधली सहा मामांनी भरायची. मामा म्हणायचे, "आधी कोन, मग कोन, तेवडं सांगा मला. मधलं मी बगतो." आठ महिने त्यांनी असं काही बघितलं की रिझवान पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना त्यांच्या टेबलाशी उभं करायचा. मग आमची नवी आवृत्ती आली आणि मामांच्या हत्तीला उचकी लागली. सोंड वर जाता जाता मध्येच खाली यायची, परत वर जायची. सशानं उडी मारली की तो हवेतच अर्धा मागे सरकायचा. पोरं आधी हसली. मग त्यांना मामांची चित्रं रात्री उशिरापर्यंत बसून पुन्हा काढावी लागली आणि हसू आटलं.

"महिनाअखेरपर्यंत बघतो," रिझवान मला जिन्यात हळूच म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "मामांचं मन उडालंय कामावरून, दुसरं काय? कामावर येऊ नका म्हणून सांगायचंय त्यांना, पण तोंड उघडत नाही."

मन उडालेला माणूस आलेखाच्या कागदावर मोराचे तीन पाय काढून पाठवत नाही, एवढं मला कळत होतं. पण पुढचं कळत नव्हतं. मी मामांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हटलं, "हे बघा, हे लाल, हे हिरवं." मामा मान हलवून "व्हय, व्हय" म्हणाले आणि त्यांनी बरोबर उलटा पाय काढला. मी हटकलं तर म्हणाले, "रविवारी घरी या. जुनं नमुनं हायती, ते बगा. म्हंजे मी काय म्हनतोय ते ध्यानात येईल."

मामांचं घर कुंभारीला, कामगारांच्या वसाहतीत. दारात त्यांची बायको नरसूबाई आणि शेजारची एक बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. मामांनी ट्रंकेतून नक्षीचे कागद काढले. मी चादरीवरची नक्षी जन्मभर पाहिलीय, पांघरलीय, पण तिचा हा सांगाडा कधी पाहिला नव्हता. कागदावर रंग नव्हताच. काही घरांत टिपका, काहींत फुली, काहींत आडवी रेघ, आणि कडेला नंबर. बारा म्हणजे एक सूत, सतरा म्हणजे दुसरं. "रंग लावनारा येगळा," मामा म्हणाले. "आपलं काम टिपक्याचं. टिपका टिपकाच ऱ्हातो बगा, कुनी काय बी करू दे."

तेवढ्यात शेजारची बाई बाहेरून म्हणाली, "दादा, तेवडं लाल दोऱ्याचं रीळ द्या की आतलं." विडीला बांधायच्या दोऱ्याची दोन रिळं फडताळात होती, एक लाल, एक हिरवं. मामा उठले, दोन्ही रिळं उचलली आणि तिच्यासमोर धरली. "घे तुला पायजे ते."

एवढीशी गोष्ट. पण नरसूबाईंचा वळणारा हात थांबला, आणि त्यांनी दोऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाल आणि हिरव्यावर दोन महिने खपून, शाबासकी घेऊन मी मामांसमोर दोन सारखीच मातकट चित्रं ठेवली होती, आणि वर सवय करा म्हणून सांगितलं होतं. मला स्वतःचा हसरा चेहरा आठवला आणि कुठे बघावं ते कळेना.

शेजारीण गेल्यावर मामा स्वतःच बोलले. "लग्नात हिला लाल साडी आनायला गेल्तो एकटाच. हिरवी आनली."

"आणि वर म्हनले, लाल लई शोभतंय तुला," नरसूबाई म्हणाल्या. "मी तवाच वळखलं." त्या हसल्या. मामाही हसले, मग म्हणाले, "घरात हिला ठावं हाय. आता तुमाला. बाकी कुनाला न्हाय." मी मान डोलावली.

मग कारखान्यात कसं निभलं, मी विचारलं. नक्षीत टिपके-फुल्या होत्या, तिथे अडचण नव्हती. अडचण नमुना मागावर चढायचा तेव्हा. रंगीत सुताच्या बॉबिनवर बॉबिन लागलेल्या, आणि कुठल्या रंगाची कुठे, ते नक्षीवाल्यानं तपासून द्यायचं. "पर आमच्या कारखान्यात पद्धत चांगली होती," मामा म्हणाले. "परत्येक बॉबिनला नंबराची चिठ्ठी. नंबर बगायचा, व्हय म्हनायचं. तीस वर्सांत एक चादर चुकली न्हाय माजी."

मी त्याच रात्री कामाला बसले. आधी निळा आणि नारिंगी असे रंग निवडायची सोय केली, कारण ते मामांना वेगळे दिसत होते. फोनवर त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "हे दिसतंय. पर रंग नको. रंग तुमी परत बदलताव." मग मी पत्रातलाच नमुना समोर ठेवला. आधीच्या चित्राची कडा टिपक्यांची, नंतरच्याची तुटक रेघांची. जवळचं चित्र असेल तर टिपके दाट, लांबचं असेल तर विरळ. ही दाट-विरळची कल्पनाही मामांचीच. चार दिवसांत चाचणीपुरती आवृत्ती तयार झाली आणि ती मी गुपचूप मामांच्या यंत्रावर चढवली. हत्तीची उचकी त्याच दिवशी थांबली. महिनाअखेर आली आणि गेली. रिझवान मला म्हणाला, "मामांचं मन परत लागलं." मी "अरे वा" म्हटलं.

गोष्ट इथे संपली असती तर माझं नाव चांगलं राहिलं असतं.

पण टिपक्यांची सोय सगळ्यांसाठी आणायची तर कंपनीचा एक तक्ता भरावा लागतो. त्यात एक चौकट असते, "ही सोय कशासाठी?" मी तिथे खरं ते लिहिलं. नुसतं खरं नाही, रंगवून लिहिलं. सोलापूर, चादरी, मोर, लाल-हिरवा न ओळखणारा नक्षीकार, सगळं नावानिशी. साहेब खूश झाले. तीन महिन्यांनी नवी आवृत्ती निघाली तेव्हा तिच्यासोबतच्या निवेदनात त्यांनी मामांचे आभार मानले. लाल आणि हिरवा रंग न दिसणाऱ्या कलाकारांसाठी ही सोय, सोलापूरच्या अंबादासमामांच्या सूचनेवरून, असा मजकूर. तो छापण्याआधी माझ्याकडे आला होता. मी तो दोनदा वाचला, मामांच्या नावात एक काना कमी होता तो घातला, आणि परत पाठवला. मला अभिमान वाटत होता. मामांना केवढा आनंद होईल, असं मनात घोळवत मी त्या दिवशी शिरा केला होता.

सोमवारी सकाळी स्टुडिओतल्या नऊच्या नऊ संगणकांवर ते निवेदन एकदमच उघडलं. रिझवाननं ते मोठ्यानं वाचलं, टाळ्या वाजवल्या, पोरांनीही वाजवल्या. एकानं स्वतःचा शर्ट पुढे करून विचारलं, "मामा, हा कुठला रंग?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मामांनी पेन्सिली खिशाला लावल्या, डबा उचलला आणि ते जिना उतरून गेले.

मंगळवारी आले नाहीत. बुधवारी नाहीत. फोन बंद. गुरुवारी रिझवान आणि मी कुंभारीला गेलो. मामांनी सतरंजी घातली, नरसूबाईंनी चहा दिला, सगळं रीतसर. रिझवान म्हणाला, "मामा, मेरेकू पहले बोलना था ना. मी तुम्हाला काढणार होतो, आळस करता म्हणून. मलाच लाज वाटायलीय." मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळले.

"नाव टाकलं, बरं वाटलं. डोळं कशाला टाकलं ताई?"

मी काहीतरी बोलले. चांगल्या हेतूनं, इतरांनाही उपयोग होईल म्हणून, असंच. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "नोकरीचं न्हाय ओ. नोकरी काय, आज हाय, उद्या न्हाय. पर माज्या नक्षीच्या चादरी किती घरांत असतील. लग्नात दिलेल्या, बाळंतिनीला दिलेल्या. आता लोक म्हनतील, ज्याला रंग दिसत न्हाय त्यानं पास केलेलं हे. कारखान्यातली मानसं काय म्हनतील मला? तीस वर्सं फसवलं म्हनतील." त्यांचा आवाज वाढला नव्हता. वाढला असता तर बरं झालं असतं.

निवेदनातली ती ओळ मी त्याच रात्री काढायला लावली. साहेबांना वाटलं, मामांना मानधन हवंय. मी त्यांना फार काही समजावलं नाही. पण वाचणाऱ्यांनी ती वाचली होती, आणि कारखान्याच्या जुन्या माणसांच्या मोबाईलवरच्या गटात ती केव्हाच पोचली होती.

पुढचं मला मामांनी सांगितलं, नंतरच्या सोमवारी, टायरच्या दुकानाशेजारच्या चहाच्या टपरीवर. हो, ते कामावर आले होते. रविवारी त्यांच्या दारात बसप्पा उभा राहिला होता. बसप्पा म्हणजे कारखान्यातला रंगारी, सूत रंगवून बॉबिन खात्यात देणारा, आता अक्कलकोटकडे गावी राहतो. दोन गाड्या बदलून आला. मामांना वाटलं, हा आता जाब विचारणार.

"मी म्हनलं, बसप्पा, माफ कर बाबा, मी तुमाला सांगितलं न्हाय," मामा सांगू लागले. "तर तो म्हनला, काय सांगायचं राहिलंय हो त्यात? म्हनला, तू नवा होतास तवा हिरवी बॉबिन हातात घेऊन लाल म्हनलास मला. दुसऱ्या दिवसापासून मी चिठ्ठ्या लावल्या." मामांनी कपातला चहा हलवला. "मी समजत होतो कारखान्याची पद्धत हाय. कशाची पद्धत? दुसऱ्या कुटल्याच कारखान्यात चिठ्ठी न्हाय म्हनं. तो एकटा लावत होता. माज्यासाठी. तीस वर्सं. मालकाला बोल्ला न्हाय, त्याच्या बायकोला बोल्ला न्हाय. मला पन न्हाय."

मी विचारलं, तुम्हाला का नाही सांगितलं त्यांनी?

"तेच इचारलं मी. तर म्हनला, तू इचारलं नव्हतंस." मामा हसले आणि मग त्यांनी डोळे पुसले, रुमालानं, त्याच ढगाळ रुमालानं. माझ्याकडे त्यांनी रोखून बघितलं नाही, टोमणा मारला नाही. पण बसप्पाची तीस वर्षं आणि माझे तीन महिने त्या टपरीच्या बाकावर शेजारी शेजारी ठेवलेले होते, आणि ते मला स्पष्ट दिसत होते. मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं." ते म्हणाले, "व्हय. चुकलं." आणि माझ्या चहाचे पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

आता स्टुडिओत आठही पोरं टिपके लावून काम करतात. त्यांना लाल-हिरवं दिसतं, पण टिपक्यांनी डोळा शिणत नाही म्हणतात. कुठल्या कुठल्या गावांहून तसे निरोपही येतात कंपनीला. मामांना ते वाचून दाखवले की "बरं" म्हणतात आणि विचारतात, "आधी कोन, मग कोन?" म्हणजे गप्पा पुरे, काम दाखवा.

त्यांच्यावर लिहायचं माझ्या मनात आलं तेव्हा मी आधी काही लिहिलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, लिहू का? डोळ्यांचंही येईल त्यात, नाहीतर मग काहीच नको. मामांनी बराच वेळ भाकरी मोडली. म्हणाले, "आता काय ऱ्हायलंय झाकायचं? लिवा. पर छापायच्या आदी वाचून दाखवा."

मग मी हे सगळं त्यांना वाचून दाखवलं, गच्चीवर, दोघंच असताना. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. उचकीला हसले. साडीला हसले. बसप्पाच्या जागी मला पुन्हा वाचायला लावलं. फक्त एका ठिकाणी त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "हे नको. हे ऱ्हाऊ द्या आपल्यात." मी तिथेच पेन काढून ते वाक्य खोडलं.

दुसऱ्या दिवशी नरसूबाईंचा फोन आला. मामा काहीतरी काढायला लावल्याचं बोलले होते, पण काय ते सांगत नव्हते. "काय होतं ओ ताई तसलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं नाही.